टाकीला हिची आठवण येते

आमच्या सेप्टिक टाकीतले सगळे जंतू मी मारले. कोणी विचारायच्या आधीच हे कबूल करून टाकतो, कारण गल्लीत ही बातमी सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येक जण ती आपापल्या पद्धतीने सांगतो. डावीकडच्या वहिनींच्या सांगण्यानुसार मी ॲसिडचं पिंप आणून टाकीत उपडं केलं. समोरच्या मास्तरांच्या सांगण्यानुसार हा सगळा निष्काळजीपणा. दोन्ही साफ खोटं आहे. मी जे केलं ते रोज सकाळी, अत्यंत काळजीपूर्वक आणि कंबर मोडेस्तोवर केलं. का केलं, ते मात्र कोणी सांगत नाही, कारण ते कोणाला माहीतच नाही. मला हिची आठवण येत होती, म्हणून केलं.

ही म्हणजे माझी बायको. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेली, त्याला सातवा महिना लागला होता. आधी बाळ फारच लहान होतं. मग बाळाला सर्दी झाली. मग लेकीची रजा संपली. मग बाळाला दात येऊ लागले. दात येणं हे काही माझ्याविरुद्ध रचलेलं कारस्थान नव्हे, एवढं मला कळतं. पण पहिल्या दाताच्या कौतुकात तीन आठवडे गेले, आणि दुधाचे दात एकूण वीस असतात हे मी पुस्तकात बघून घेतलं होतं. एका संध्याकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून मी तो गुणाकार केला आणि नंतर बराच वेळ तिथून उठलो नाही.

जाताना हिने विचारलं होतं, "अहो, जमेल ना एकट्याला?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो होतो. "विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे दावे तपासले मी. एक घर सांभाळता येणार नाही?"

हे वाक्य तेव्हा मला फार भारदस्त वाटलं होतं. पुढे ते सात महिने माझ्या मानगुटीवर बसलं.

तसं पाहिलं तर बरंच काही जमलं. भात जमला. कपडे जमले, एका पांढऱ्या सदऱ्याचा अपवाद सोडला तर, आणि तो आता निळा म्हणूनही चांगला दिसतो. जमला नाही तो वास.

आमच्या घराला एक वास होता. सव्वीस वर्षं त्या घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता. ही गेल्यावर पंधराएक दिवसांनी भाजी घेऊन आलो, कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकलो. घर तेच, खुर्च्या त्याच, पण कोणा तिऱ्हाइताच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. पिशवी हातात धरूनच मी सगळ्या खोल्यांमधून नाक वर करून फिरलो आणि मग ध्यानात आलं. फरशी पुसल्यावर येणारा तो वास नव्हता. सकाळी दहाच्या सुमाराला यायचा तो. थोडा गोडसर, थोडा औषधी, गरम पाण्याच्या वाफेबरोबर येणारा. मी पेपर वाचत असायचो, ही बादली सरकवत यायची आणि म्हणायची, "पाय वर." मी पेपर न हलवता पाय वर घ्यायचो, आणि तो वास माझ्या खुर्चीखालून पलीकडे जायचा. सव्वीस वर्षांत पाय वर घेण्यापलीकडे त्या कामाला माझा हातभार लागला नव्हता. आता ते दोन शब्द ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

वाटलं, सोपं आहे. ही जे वापरायची ते शोधायचं आणि फरशी पुसायची. वास परत येईल, आणि वास आला की निदान सकाळी दहा ते साडेदहा ही घरातच आहे असं वाटेल.

पण हिची एक सवय आहे. कुठलीही गोष्ट ती मूळ बाटलीत ठेवत नाही. मोरीतल्या फळीवर सात बाटल्या होत्या. सरबताच्या बाटलीत काहीतरी निळं, तेलाच्या बाटलीत काहीतरी पांढरं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत काहीतरी, ज्याने नाकाला झिणझिण्या आल्या. चिठ्ठी एकाच बाटलीवर चिकटवली होती आणि तिच्यावर हिच्या अक्षरात लिहिलं होतं, "हे नाही." म्हणजे उरलेल्या सहांपैकी एक असणार, असा तर्क करून मी सहाही हुंगल्या, नंतर सातवीही हुंगली. तो वास एकीतही नव्हता. त्यांच्या शेजारी निळ्या झाकणाची एक काचेची बरणी होती. तिच्या तळाशी काहीतरी राखाडी-गुलाबी, दगडासारखं घट्ट बसलं होतं. खराब झालेलं दिसलं म्हणून मी ते सुरीने खरवडून फेकून दिलं, बरणी स्वच्छ घासली आणि तिच्यात बिस्किटं भरली. बिस्किटांना पुढे महिनाभर विचित्र चव येत होती. मी बिस्किटांचा दुकानदार बदलला.

हिला फोनवर विचारायचं, हा मार्ग कोणालाही सुचेल. मलाही सुचला होता. पण रोज संध्याकाळी सहाला ही विचारायची, "घर कसं आहे?" आणि मी सांगायचो, "लख्ख." ज्या माणसाने साठ वेळा लख्ख म्हटलं, त्याने एकसष्टाव्या वेळी फरशी कशाने पुसायची हे कोणत्या तोंडाने विचारायचं?

तेव्हा मी दुकानात गेलो. साफसफाईच्या वस्तूंना एवढी मोठी भिंत लागते हे मला माहीत नव्हतं. लिंबू, चाफा, देवदार, समुद्राची झुळूक, डोंगरातला झरा. समुद्राच्या झुळकीला पाण्यात पडलेल्या मोज्यांचा वास येतो, हे मी अनुभवाने सांगतो. दुकानदाराने विचारलं, "काय बघताय?" मी सरळ माणूस. म्हणालो, "घरात बाई असल्यासारखा वास येईल असं काहीतरी द्या." त्याने माझ्याकडे नखशिखांत बघितलं. मागे रांगेत डावीकडच्या वहिनी उभ्या होत्या. इथून गल्लीत माझ्याबद्दल जे बोललं जाऊ लागलं त्याच्या तपशिलात मी शिरत नाही.

मात्र वहिनींना दयाही आली. "भाऊजी, ते वासाबिसाचं सोडा," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "काळं फिनेल आणा. पाणी दुधासारखं पांढरं झालं की समजायचं, घर शुद्ध." मी आणलं. पाणी दुधासारखं झालं आणि घराला दवाखान्याचा वास आला. ही जणू आजारी आहे आणि मी भेटायला बसलोय, असं दोन दिवस वाटत राहिलं. मग तेही बंद केलं.

समोरचे मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचा तास संपलेला नाही. ते म्हणाले, "वास येत नाही, याचं कारण दुसरे वास आड येतात. आधी सगळं निर्जंतुक करा. पाटी कोरी करा. मग मूळ वास आपोआप वर येईल." हे मला फार पटलं. विमा कंपनीतही आम्ही आधी सगळं नाकारायचो, मग जे उरेल ते मंजूर करायचो. मी पांढरं करणारं आणलं, संडासासाठी दाट हिरवं आणलं, मोरीच्या जाळीसाठी दाणेदार आणलं. रोज सकाळी दोनदा फरशी पुसायचो आणि बादली संडासात ओतायचो, हिला ओतताना बघितलं होतं तशीच. त्या एका बाबतीत मी हिच्या पावलावर पाऊल ठेवत होतो, याचं मला समाधान होतं.

चार महिने हे चाललं. फळीवर अकरा नव्या बाटल्या झाल्या. तो वास काही आला नाही.

मग एका सकाळी बादली ओतली आणि पाणी खाली गेलंच नाही. गोल फिरलं, थांबलं, विचार करत राहिलं. खालून कोणीतरी दीर्घ उसासा टाकल्यासारखा आवाज आला. दुपारपर्यंत मोरीतूनही तोच उसासा ऐकू येऊ लागला आणि संध्याकाळी मागच्या अंगणात असा वास सुटला की मास्तरांनी आपली खिडकी लावून घेतली. घराला वास आला होता खरा.

त्याच संध्याकाळी सहाला फोन आला. हिचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा वाटत होता.

"अहो, दुसरा दातही आला! आता लेकीच्या सासूबाई येतायत इकडे. मी रविवारी निघते. येऊ ना?"

सात महिने मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं तेव्हा मी नाकाला रुमाल लावून अंगणात उभा होतो. डोळ्यांसमोर आलं ते असं. ही दारात उभी आहे, बॅग हातात आहे, आणि मी सांगतोय की संडासात जाऊ नकोस, तो विचारात आहे.

"घाई कशाला करतेस?" मी म्हणालो. "राहा की अजून. बाळाला तुझी सवय झालीय. इकडे माझं मस्त चाललंय."

"बरं," ही म्हणाली आणि फोन ठेवला.

लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या माणसाला 'बरं'चे सगळे प्रकार ओळखू येतात. हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं. तासाभराने लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही आईला काय बोललात? तिने भरलेली बॅग परत सोडली. कपाटात कपडे लावून बसलीय. जेवणार नाही म्हणते."

"काही नाही गं," मी म्हणालो. "राहा म्हटलं, एवढंच."

"तेच तर," लेक म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो. ज्या माणसाला घरी आणण्यासाठी मी घर पुसत होतो, त्यालाच मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं. वाटलं आत्ता फोन उचलावा आणि ये म्हणावं. पण कशात ये? मग ठरवलं, आधी टाकी साफ करून घ्यायची आणि मग ताठ मानेने बोलवायचं. ताठ मान हा माझा जुना आजार आहे.

टाकी उपसणारी गाडी नगरपालिकेकडून येते. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. "काका, टाकी असल्याचा पुरावा जोडा."

"पुरावा? माझ्याबरोबर घरी चला, वास येतोय."

"वास अर्जाला जोडता येत नाही."

त्याने हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला राग यायच्या ऐवजी ओळख पटली. एकेकाळी मी एका माणसाकडे त्याचं दुकान जळाल्याचा पुरावा मागितला होता. तो राख घेऊन आला होता, आणि राख कशाची आहे याचा दाखला मी पुन्हा मागितला होता. तो माणूस मला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा नीट दिसला. मी मुकाट्याने घरी जाऊन घराचा जुना नकाशा आणला. नकाशात टाकी नव्हतीच, मागे नुसती बाग होती. कारकून म्हणाला, "मग झाकण कुठे आहे ते तुम्ही दाखवा. झाकण न सापडल्यास गाडी परत जाते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून."

झाकण कुठे आहे हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस कपाटात कपडे लावून बसलं होतं.

मी कुदळ घेतली. मास्तरांनी उताराचं गणित मांडून एक जागा सांगितली. तिथे खणल्यावर पाण्याचा नळ निघाला, आधी अख्खा आणि मग फुटका. वहिनी म्हणाल्या, "जिथे झाडं जास्त तरारतात, तिथे खाली टाकी असते," म्हणून गुलाबापाशी खणलं. एक कानतुटका कप निघाला. तो कप आमच्या संसाराच्या सुरुवातीच्या दिवसांतला होता. मी फोडला असा हिचा संशय होता आणि मी साफ इन्कार केला होता. मी तो पुन्हा पुरला. तिसऱ्या खड्ड्यात मी स्वतःच पडलो. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी लोक बघत होते आणि कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

शनिवारी गाडी आली. बरोबर एक वयस्कर गृहस्थ होते. हातात लोखंडी सळई, डोक्यावर टोपी, चष्मा दोरीने गळ्यात. ते अंगणात शिरले, माझे खड्डे बघितले. सरळ माझ्या खुर्चीपाशी गेले, खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि खालच्या चौकोनी फरशीवर सळई आपटली. पोकळ आवाज आला.

अंगणात तिथेच फोनला रेंज चांगली येते. सात महिने रोज संध्याकाळी मी त्या झाकणावर बसून हिच्या फोनची वाट बघत होतो.

टाकीवाल्यांनी फरशी सरकवली, वाकून आत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "गेले," ते म्हणाले.

"कोण?"

"जंतू. आपण सोडतो ते सगळं तेच खातात, साहेब, त्यांच्या जिवावर टाकी चालते. इथे एकही शिल्लक नाही. काय वापरता घरात?"

मी जरा अभिमानानेच त्यांना मोरीतल्या फळीपाशी नेलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. "हे मारतं. हे पण मारतं. हे तर बघा, नव्याण्णव टक्के मारतं, त्यांनी स्वतःच लिहिलंय."

"उरलेला एक टक्का?"

त्यांनी दाणेदारचा डबा उचलला. "त्याला हे."

अकरा बाटल्यांची चौकशी संपायला दहा मिनिटं लागली. एकही निर्दोष सुटली नाही. "आता यातलं काही नको," ते म्हणाले. "गाळ उपसतो, तळाशी थोडा ठेवतो. नवे जंतू आपोआप धरतील. पण कडक काही ओतायचं नाही. जेवढं अंगाला चालतं तेवढंच टाकीला चालतं, एवढं लक्षात ठेवा." मग ते अंगणाकडे बघत राहिले. "चौदा वर्षांपूर्वी ही टाकी मीच उपसली होती. तेव्हा एक बाई होत्या. उंचशा. त्यांना हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं. चौदा वर्षं टाकी कुरकुरली नाही म्हणजे ऐकलं त्यांनी. कुठे असतात त्या?"

"लेकीकडे. सात महिने झाले."

"तरीच," ते म्हणाले. "टाकीला त्यांची आठवण येतेय."

"मलाही येते," मी म्हणालो. हे कोणापुढेच म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते उघड्या टाकीच्या काठावर, हातात नळी घेतलेल्या अनोळखी माणसाला.

त्यांनी नळीचं तोंड नीट बसवलं. "मग त्यांना सांगा ना, साहेब. मला सांगून काय उपयोग?"

गाडी गेली. सहा वाजायची वाट न बघता मी फोन लावला. झाकणावरच उभा होतो.

"मी टाकी बिघडवली," मी म्हणालो. "घाई करू नको म्हणालो ते खोटं होतं. लख्ख म्हणायचो तेही खोटं होतं, म्हणजे घर लख्ख होतं, पण टाकी मेली. अंगणात तीन खड्डे आहेत, नळ फुटलाय, आणि तो कप मीच फोडला होता."

"कुठला कप?"

"तो राहू दे. तू फरशी कशाने पुसायचीस? तो वास आणायचा होता मला. अकरा बाटल्या आणल्या. कशातच नाही."

ही अगदी हळू म्हणाली, "अहो, मला वाटलं, तुमचं माझ्यावाचून छान चाललंय. दोन दिवस मला घास गेला नाही."

"माझं काहीही छान चाललेलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज फुटला आणि मास्तर खिडकीत होते, पण आता मास्तरांचं काय.

ही म्हणाली, "फळीवर निळ्या झाकणाची बरणी आहे ना? त्यात बघा."

"त्यात बिस्किटं आहेत."

"बिस्किटं?"

"आत काहीतरी खराब झालेलं होतं, ते मी खरवडून..."

ही हसायला लागली. किती महिन्यांनी ऐकलं ते हसणं. हसता हसता तिला ठसका लागला, मागून लेक विचारत होती, आई काय झालं, बाळ रडायला लागलं, तरी ही हसतच होती. मग म्हणाली, "अहो, साबण होता तो! अंघोळीचा. वडी झिजून पातळ झाली की मी तो तुकडा बरणीत टाकायची. तुमचे आणि माझे. वर गरम पाणी. त्यातलं चमचाभर बादलीत. टाकीवाल्यांनी कडक काही नको सांगितलं होतं, मग घरात होतं तेच वापरलं. फळीवरच्या बाटल्या खिडक्यांसाठी आणि भांड्यांसाठी आहेत."

मी मोरीत गेलो. माझ्या लाल साबणाचा औषधी वास मला पाठ होता, त्यामुळे कधी आला नव्हता. शेजारी हिची साबणदाणी होती, कोरडी. तिच्या गुलाबी साबणाचा फक्त एक पुसट गोल डाग उरला होता. साबणाची वडी ती जाताना बॅगेतून घेऊन गेली होती. मी चार महिने दुकानं पालथी घालत होतो आणि तो वास दुकानात नव्हताच. आमच्या दोघांच्या अंघोळींचा होता तो. एकट्या माणसाच्या घरात तो येणं शक्यच नव्हतं.

"मी तुझ्या साबणाची नवी वडी आणतो," मी म्हणालो. "किसून घालतो."

"खबरदार. नवी वडी कोणी फरशीला घालतं?"

"मग तू ये."

"येते," ही म्हणाली.

ती पुढच्या बुधवारी आली. मी घर फक्त गरम पाण्याने पुसलं होतं. नळ बदलला होता, खड्डे बुजवले होते, आणि एका खड्ड्यातून कप काढून तो टेबलावर ठेवला होता. उंबऱ्यात तिने नाक वर केलं. "कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "तेच तर," मी म्हणालो.

चहा घ्यायच्या आधीच तिने बॅग उघडली. बाळाने पाडलेल्या डागांच्या साड्या, लेकीने दिलेली शाल, आणि त्याखाली एक पत्र्याचा डबा. तिने झाकण काढलं. आत पातळ, वाकलेले, गुलाबी साबणाचे तुकडे होते. मी मोजले, पंधरा.

"तिथे टाकवले नाहीत," ती म्हणाली. "लेक हसायची, आई, ही काय शिल्लक टाकतेस? मी म्हणायची, घरी लागतील." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुमचे कुठे आहेत?"

सात महिने मी माझा झिजलेला तुकडा नव्या वडीला दाबून चिकटवत आलो होतो. एकट्या माणसाला बरणीत काही साठवायचं सुचत नाही. पण त्या फोननंतर चिकटवलं नव्हतं. मोरीतून मी माझा एकुलता एक लाल तुकडा आणला. तो तिने पंधरांच्या शेजारी ठेवला, बिस्किटं ताटलीत काढली आणि निळ्या झाकणाची बरणी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी म्हणालो, "आज मी पुसतो. तू बस." ती माझ्या खुर्चीवर बसली आणि तिने पेपर उघडला. मी गरम पाण्यात चमचाभर घातलं, फडका पिळला आणि आतल्या खोलीपासून सुरुवात केली. वास येऊ लागला. गोडसर जास्त होता, औषधी कमी. माझा भाग भरायला अजून काही महिने लागणार होते. मला घाई नव्हती. पुसत पुसत खुर्चीपाशी आलो, बादली सरकवली आणि घसा साफ केला.

"पाय वर," मी म्हणालो.

तिने पेपर न हलवता पाय वर घेतले. फडका खुर्चीखालून पलीकडे गेला.

"कोपरा राहिला," ती पेपरमागून म्हणाली.